तंबुऱ्याच्या कानाने घेतलेला बास

भजनाला तुम्ही आजवर किती वेळा गेला असाल? दहा, वीस, पन्नास? मग सांगा, मागे तंबुरा धरून बसलेल्या बाईचं नाव काय होतं?

राहू द्या, उगाच डोकं खाजवू नका. गाणाऱ्याचं नाव आठवेल, मृदंगवाल्याचं आठवेल, प्रसादाला हरभऱ्याचं सुंडल होतं की गोड पोंगल तेसुद्धा आठवेल. ती बाई आठवणार नाही.

चेन्नईत अड्यारच्या एका मराठी भजनमंडळीत त्या बाईचं नाव सईबाई. वय एक्कावन्न. दिवसा एका संस्थेच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसायचं, आलेल्या पत्रावर एक शिक्का, गेलेल्या पत्रावर दुसरा. आणि एकादशीच्या संध्याकाळी मंडळीच्या भागवतरांच्या, म्हणजे मुख्य गाणाऱ्यांच्या, मागे बसून तंबुरा छेडायचा. बावीस वर्षं हेच. मंडळी सगळी तंजावरकडची. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून मराठी बोलणारी. यांची मराठी ऐकून पुण्याहून नुकताच बदलीवर आलेला साहेब गालात हसतो. हसू दे. त्याच्या नातवंडांची मराठी इथे किती टिकते ते आधी बघू.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, भागवतर अप्पाजींनी बाजारातून एक यंत्र आणलं. जेवणाच्या डब्याएवढं. बटण दाबलं की त्यातून तंबुरा वाजतो. सूर उतरत नाही, तार तुटत नाही, हात दुखत नाही. अप्पाजी सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले, गळा अजून खणखणीत. त्यांनी यंत्र मांडलं आणि मोठ्या मायेने म्हणाले, "सई, आता तुझ्या हातास विश्रांती. तू बायकांत जाऊन बैस. टाळ धर, नामावळी म्हण."

माया खरी होती. त्यामुळेच भांडता येईना.

सईबाई बायकांत जाऊन बसली. तिचा गळा असा की तिने मोठ्याने म्हटलं तर शेजारीण वळून बघते. म्हणून ती ओठ हलवायची. दोन एकादशा तिने ओठ हलवून काढल्या. दोन्ही वेळा उजव्या हाताचं मधलं बोट मांडीवर आपोआप हलत होतं.

मग कचेरीतल्या एकीच्या मुलीचं रिसेप्शन आलं. मंडपात लाइट म्युझिकची पार्टी होती, म्हणजे सिनेमाची गाणी म्हणणारा वाद्यवृंद. पुढे झगमग कपड्यांतला गाणारा आणि गाणारी, आणि सगळ्यांच्या मागे पंख्याखाली एक म्हातारा लांब मानेची गिटार घेऊन उभा. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सईबाई मात्र जेवणाचं पान सोडून त्याच्याकडेच बघत राहिली. कारण तिला कळलं होतं की आपल्या बरगडीत जे घुमतंय ते त्याच्याकडून येतंय. एका गाण्यात तो मधेच थांबला, चष्मा पुसायला. तेवढ्यात अख्खं गाणं पाय घसरल्यासारखं झालं. त्याने परत बोट लावलं आणि गाणं उभं राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर ती सरळ त्याच्यापाशी गेली. "सार, हे काय वाद्य?"

"बास गिटार, अम्मा." त्याचं नाव नारायणस्वामी. छत्तीस वर्षं पार्टीत वाजवलेलं, आता कोवलमला राहतो, बोलावलं तर येतो. "तुम्ही पहिल्याच, विचारणाऱ्या."

"चारच तारा?"

"चारच."

चार तारा! तंबुऱ्यालाही चारच. सईबाईच्या डोक्यात त्या क्षणी जे शिरलं ते शिरलं. नारायणस्वामींनी नंबर दिला, म्हणाले, "घ्यायचा असेल तर आधी मला फोन करा. नवशिक्याला दुकानात गंडवतात."

पुढच्या एकादशीला तिने अप्पाजींना गाठलं.

"मी बास शिकत्ये. मज माघारी माझ्या जागेवर बसायचं आहे."

"बास? ते सिनेमावाल्यांचं?" अप्पाजींनी उपरणं झटकलं. "अगो, अभंगात ते कशास?"

"पेटी गोऱ्या साहेबांनीच आणली ना? ती कुठल्या ऋषीने दिली?"

अप्पाजी हसले. माणूस हट्टी, पण ऐकून घेणारा. "बरं. विजयादशमीस आण. एक अभंग देतो तुला. हे यंत्र देतं त्याहून काही अधिक दिलंस, तर मागली जागा तुझी. नाही दिलंस तर पुन्हा हा विषय नको. कबूल?"

"कबूल."

विजयादशमीला सहा आठवडे होते. आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. त्या दिवशी घरातली पुस्तकं आणि वाद्यं देवीपुढे ठेवायची, हात लावायचा नाही, आणि दशमीला उचलून नवी विद्या सुरू करायची. म्हणजे वाद्य त्याआधी घरात हवं, हातात बसलेलं हवं.

आता इथे तिची चूक. ती लपवून तिला मोठं करण्यात अर्थ नाही. तिने नारायणस्वामींना फोन केलाच नाही. बावीस वर्षं चार तारा सांभाळलेल्या बाईने चार तारांचं वाद्य घ्यायला कुणाला विचारायचं? हा तिचा ताठा. ताठा वाईट नसतो, पण तो खरेदीला बरोबर नेऊ नये.

एका शनिवारी ती टी. नगरला गेली. साड्यांच्या दुकानांची गर्दी ओलांडून गल्लीतल्या पहिल्या मजल्यावर वाद्यांचं दुकान. मालक कौशिक, तिशीचा, हातात दोन फोन.

"या मॅडम. मुलासाठी का?"

"नाही."

"मुलीसाठी? व्हायोलिन दाखवू?"

"माझ्यासाठी. बास. नऊ हजारांच्या वर एक पैसा नाही."

कौशिकने एकदा तिच्या नऊवारीकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं, कुणी थट्टा तर करत नाही ना. मग तीन बास काढून ठेवले. त्यातला एक जड होता, मांडीवर घेतल्याबरोबर गुडघा बोलला. तो बाजूला. उरले दोन. एक साधा, मातकट रंगाचा, बुटक्या मानेचा. दुसरा काळाभोर, चकचकीत, पूर्ण लांबीचा आणि सवलतीत.

सईबाईने दोन्ही पारखले. कसे? तंबुरा पारखतात तसे. डावा हात मानेवर नुसता टेकवलेला, उजव्या हाताचं मधलं बोट मोकळ्या तारेवर, डोळे मिटलेले. एक तार, दुसरी, तिसरी, चौथी. कौशिक बघत राहिला. गिऱ्हाइकं येतात ती कुठलंतरी सिनेमाचं गाणं अर्धंमुर्धं वाजवून दाखवतात. हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

मातकट बास स्वच्छ वाजला. घूंऽ, आणि संपला. तिला तो मुका वाटला.

काळा बास वाजला तशी तिने मान हलवली. त्याच्या तारेत झणझण होती, घूंऽच्या मागे एक बारीक टर्रर्र. ज्याने तंबुरा धरलाय त्याला कळेल. तंबुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी बसला की तार झणझणते. तिला जवारी म्हणतात. ती लागावी म्हणून माणसं अर्धा अर्धा तास दोरा केसभर पुढे, केसभर मागे करत बसतात. आणि या काळ्या बासात जवारी लावूनच आलेली!

"ह्यात जीव आहे," सईबाई म्हणाली.

"एकदम बरोबर ओळखलंत अम्मा," कौशिक म्हणाला. "तुमचा कान काय साधा आहे!"

त्या हरामखोराला ठाऊक होतं. आतापर्यंत तीन गिऱ्हाइकांनी निम्म्या पैशांवर पाणी सोडून तो बास परत आणून ठेवला होता. पण ते नंतर कळलं.

घरी आणल्यावर तिने बास आपल्या पद्धतीने लावला. अप्पाजी पांढरी एकच्या पट्टीत गातात. तिने तारा उतरवून सा प, सा प अशा लावल्या आणि आठवडाभर रोज संध्याकाळी मोकळ्या तारा छेडत बसली. सुख म्हणजे काय ते त्या आठवड्यात तिच्या चेहऱ्यावर होतं.

रविवारी भाची आली. अनन्या, भावाची मुलगी, कंपनीत नोकरी, तोंडात तमिळ आणि इंग्रजी जास्त, मराठी आत्यापुरती.

"आत्या, हे काय चाललंय? तू नुसतीच ओपन तार वाजवतेस. हे तर तुमचं ते मशीनच करतं ना!"

सईबाईचं बोट थांबलं. पोरगी बोलली ते खरं होतं. मोकळ्या तारा यंत्रही छेडतं, तिच्याहून सरळ छेडतं. विजयादशमीला त्यावर काही अधिक द्यायचं तर डाव्या हाताने पडदे, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, दाबायलाच हवेत. सूर हलवायला हवा.

तिने पहिल्या पडद्यावर बोट दाबून तार छेडली. टक्. दुसऱ्यावर. टर्रर्र, टक्. तिसऱ्यावर तेच. तार लाकडावर आपटल्यासारखी.

"माझ्या बोटात जोर नाही," ती म्हणाली.

अनन्याने दाबून पाहिलं. जिमला जाणारी मुलगी. टक्.

"जोराचा प्रश्न नाही आत्या. काहीतरी घोळ आहे. कुणाला तरी विचार ना."

तेव्हा कुठे सईबाईने फोन उचलला.

कोवलमला जायला दोघींनी बस धरली. बास मांडीवर, त्याची मान खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून अनन्याच्या खांद्यावर. उतरल्यावर किनाऱ्याच्या वाटेने मासळीच्या टोपल्या चुकवत नारायणस्वामींचं घर. म्हाताऱ्याने चहा सांगितला, बास हातात घेतला, पण वाजवला नाही. बंदूक रोखतात तशी मान डोळ्याला लावली आणि टोकापर्यंत नजर टाकली.

"अय्यो."

"काय झालं सार?"

"मान मागे वाकलीय. बघा, तुम्हीच बघा." त्यांनी तिला तसंच धरून दाखवलं. खरंच, काळी मान उताणी झोपल्यासारखी मागे कलली होती. "तार पडद्यांना चिकटून जाते. म्हणून टर्र होतं, म्हणून सूर बसतो. दुकानात ऐकू आलं नाही तुम्हाला?"

सईबाईने खरं सांगितलं. "आलं. मला ती जवारी वाटली."

नारायणस्वामी आधी हसले नाहीत. मग कप खाली ठेवला आणि पोट धरून हसले. "छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं मी ही टर्र घालवायला पाना फिरवला. आणि तुम्ही ती बघून विकत घेतलीत!"

अनन्याही हसली. सईबाईला राग आला, मग तीही हसली. काय करणार?

मानेच्या आत एक सळई असते, ती फिरवून बाक काढता येतो. नारायणस्वामींनी पाना लावला. सळई नुसतीच गरगर फिरली, धरेना. "आटे गेलेत. हे कुणीतरी आधीच करून बघितलंय. दुकानदाराला माहीत होतं अम्मा." मग त्यांनी स्वतःचा जुना बास तिच्या मांडीवर दिला आणि तासभर फक्त एवढंच शिकवलं, की घेताना मान कशी बघायची, प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा दाबून कसा ऐकायचा. "हात लहान आहेत तुमचे. बुटक्या मानेचा घ्या. रंग बघू नका. डबा मी देतो, माझा जुना आहे." डबा म्हणजे ज्यातून बासचा आवाज येतो तो स्पीकर.

परतीच्या बसमध्ये अनन्या फोन काढून बसली. "थांब, दुकानाला एक स्टार देते. असलं लिहिते ना!"

"लिहू नकोस. मी जात्ये."

"आत्या, तो ऐकणार नाही. बिलावर छापलंय, विकलेला माल परत नाही."

"मी कुठे परत करत्ये? मी वाजवायला जात्ये."

पुढचा शनिवार. नवरात्र तोंडावर. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या, साड्या, मिठाई, सगळं मद्रास टी. नगरमध्ये उतरलेलं. सईबाई संध्याकाळी साडेसहाला गेली, मुद्दाम. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मुलांना कीबोर्ड घेऊन द्यायला आलेले आईबाप, वीणा बघायला आलेली एक शिक्षिका, कॉलेजची चार पोरं.

कौशिकने तिला पाहिलं, खांद्यावरची पिशवी पाहिली आणि तो पुढे झाला. "अम्मा, एक्सचेंज होत नाही. बिलावर लिहिलंय."

"वाचलंय तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तशी ती म्हणाली. "मी नुसती बसत्ये. नवशिकी आहे, जरा तुमच्या स्पीकरवर ऐकून बघत्ये."

भर गर्दीत वयस्कर बाईला नाही कसं म्हणणार? तिने स्टूल ओढलं, वायर लावली, आवाज चांगला वर केला. पहिली तार, पहिला पडदा. टर्रर्र, टक्. दुसरा पडदा. टक्. तिसरा. टर्रर्र. चौथा. घाई नाही, राग नाही. आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारतात त्या ठेक्यात. पहिली तार संपली, दुसरी घेतली.

वीणावाल्या शिक्षिकेने वळून विचारलं, "काय झालंय हो त्याला?"

"काही नाही अम्मा," सईबाई म्हणाली, "ह्या दुकानातून तीन आठवड्यांपूर्वी घेतलाय. मी सगळे पडदे मोजत्ये. अजून पुष्कळ आहेत."

टक्. टक्. टर्रर्र.

कॉलेजच्या पोरांतला एक पुढे आला, वाकून बघितलं आणि ओरडला, "डेय, हा तोच काळा! माझ्या चुलतभावाने मार्चमध्ये परत आणून दिला होता!"

एका आईने मुलाच्या हातातला कीबोर्ड काढून काउंटरवर ठेवला. कौशिकचे दोन्ही फोन वाजत होते, त्याने एकही उचलला नाही. तो तिच्या कानाशी वाकला.

"अम्मा, पोदुम. पुरे. काय पाहिजे तुम्हाला?"

सईबाईने बोट तारेवर तसंच ठेवलं. "तंबी, अर्धी चूक माझी. मला टर्र गोड लागली, मी पडदा दाबून बघितला नाही. ते मी कुणालाही सांगीन. पण तू ऐकलंस, तुला ठाऊक होतं, आणि तू म्हणालास कान काय साधा आहे. ती अर्धी तुझी. तो मातकट काढ."

मातकट बास आला. तिने आधी बंदुकीसारखी मान बघितली. मग एकेक पडदा दाबला, चारही तारा, वरपासून खालपर्यंत. पाव तास लागला. अख्खं दुकान थांबलं होतं. सगळे सूर आले. त्याच मुक्या वाटलेल्या बासातून सगळे आले. काळ्याच्या बदल्यात तिने तो घेतला, आणि तो थोडा स्वस्त होता. उरलेल्या पैशांची तिने वायर आणि खांद्याचा पट्टा घेतला, आणि काळ्याच्या मानेला स्वतःच्या हाताने चिठ्ठी बांधली, तमिळमध्ये: मान वाकडी आहे. कौशिकने ती चिठ्ठी तिच्या पाठीमागे काढली की नाही, ते तुम्हीच जाऊन बघा.

दोन आठवड्यांत माणूस किती शिकतो? पाच सूर. नारायणस्वामी एक दिवसाआड फोनवर ऐकायचे आणि एकच गोष्ट सांगायचे, "कमी वाजवा अम्मा, अजून कमी." डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्ट झाले. कचेरीत शिक्का मारताना दुखायचं.

सरस्वतीपूजेला मातकट बास देवीपुढे राहिला, गंधाचा टिळा लावून. दशमीला तिने तो उचलला आणि नारायणस्वामींचा डबा घेऊन मंडळीत गेली. यंत्र चालूच होतं. अप्पाजींनी ते बंद केलं नाही. नियम म्हणजे नियम.

अभंग सुरू झाला. सईबाईने पाच सुरांत जेवढं जमतं तेवढं केलं. दोनदा चुकली. एकदा तर इतकी, की पेटीवाल्याने भुवई उचलली. बायकांतून कुणीतरी खुसखुसलं.

शेवटच्या कडव्यात अप्पाजींची एक सवय आहे. विठ्ठलाचं नाव घेण्याआधी ते थांबतात. किती, ते त्यांनाही ठाऊक नसतं. कधी दोन श्वास, कधी पाच. मृदंगवाला दरवेळी अंदाजाने ठोका टाकतो आणि दरवेळी थोडा आधी नाही तर नंतर पडतो. यंत्र तर काय, चालूच असतं. पण सईबाईने बावीस वर्षं अप्पाजींची पाठ बघितली आहे. दुसरं काही बघायला नव्हतंच तिथे. नाव येण्याआधी त्यांचा डावा खांदा उचलला जातो आणि खाली येताना नाव फुटतं.

अप्पाजी थांबले. एक श्वास, दोन, तीन, चार. मृदंग घाबरून गप्प. खांदा वर गेला. सईबाईचं बोट तारेवर वाट बघत होतं. खांदा उतरला, नाव आलं, आणि त्याच क्षणी खालचा सा, जमिनीतून वर आल्यासारखा, त्या नावाखाली येऊन बसला.

अप्पाजींनी वळून पाहिलं नाही. पण शेवटचं कडवं त्यांनी परत घेतलं. परत थांबले, मुद्दाम जास्त. परीक्षाच ती. परत तो सा तिथेच आला.

आरती झाली, सुंडल वाटलं गेलं. अप्पाजी द्रोण हातात घेऊन सईबाईपाशी आले. कौतुक करणं त्या माणसाच्या रक्तात नाही.

"तो डबा," ते म्हणाले, "पुढल्या खेपेस माझ्यापासून दोन हात लांब ठेव. पोटात हलतं."

"बरं," सईबाई म्हणाली.

"आणि दोन ठिकाणी चुकलीस."

"ठाऊक आहे."

"मग अस्कं, सगळं, नीट करून आण." आणि ते गेले. यंत्राचं बटण बंद करून गेले.

आता तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या वेळी भजनाला, लग्नाला, कुठल्याही गाण्याला जाल, तेव्हा पुढच्याला हार घालून झाला की सगळ्यांच्या मागे जा. तिथे जे कुणी बसलंय, त्याला नाव विचारा, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबा.